आधी पाय

आमच्या पेठेतल्या तालमीत मर्दानी खेळ शिकायला गेलो तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. पहिले दोन महिने वस्तादांनी हातात काहीच दिलं नाही. काठ्या भिंतीला टेकलेल्या, पट्टे वर खुंटीला, आणि आम्ही लाल मातीत नुसते पवित्रे टाकत फिरायचो. पाय पुढे, पाय मागे, गिरकी, आणि मध्येच वस्ताद टाळी वाजवायचे. टाळी वाजली की असेल तिथे थांबायचं. एक पाय हवेत असला तरी थांबायचं. जो डगमगला त्याला पुन्हा पहिल्यापासून. "आधी पाय," ते म्हणायचे. "हत्यार काय, कुणीबी उचलतंय."

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत, तालमीपासून पाच मिनिटांवरच्या व्हिडिओ पार्लरमध्ये, मी पहिला चिनी तलवारपट पाहिला. कॅसेट इतक्यांदा कॉपी केलेली होती की लाल रंग कडेने वाहत होता. संवाद इंग्रजीत डब केलेले, ते आमच्यापैकी कुणालाच कळत नव्हते. पण कळायचं काही अडलं नाही. बर्फ पडतंय. एक तरुण गुरूचं घर सोडून निघालाय. गुरूची मुलगी त्याला अडवते, भांडण होतं, आणि ती रागाच्या एका क्षणात त्याचा उजवा हात तोडते. बर्फावर रक्त. पार्लरमधल्या त्या अंधाऱ्या खोलीत आम्ही वीस-पंचवीस पोरं होतो, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

चित्रपटाचं नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन', १९६७, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचा. दिग्दर्शक चांग चेह, नायक जिमी वांग यू. हाँगकाँगमध्ये दहा लाख डॉलरच्या वर गल्ला जमवणारा तो पहिला स्थानिक चित्रपट, असा त्याचा लौकिक आहे. पण माझ्या डोक्यात राहिला तो त्यातला चिमटा.

नायक फांग गांग पुलावरून खाली एका होडीत पडतो. होडीतली शेतकऱ्याची पोर त्याला वाचवते. तिच्या घरात तलवारीच्या विद्येचं एक अर्धवट जळालेलं पुस्तक असतं आणि त्यातला उरलेला भाग नेमका डाव्या हाताचा असतो. आपल्या बापाची मोडकी, आखूड झालेली तलवार घेऊन तो त्यावरून शिकतो. इकडे गुरूच्या वैऱ्यांनी एक यंत्र काढलंय. गुरूच्या घराण्याची लांब तलवार आली की तिला पकडून धरणारा चिमटा. पातं अडकलं की दुसऱ्या हाताने पोटात खंजीर. एकामागून एक शिष्य असे मरतात, कारण सगळ्यांची तलवार सारखी, सगळ्यांचा वार सारखा. फांग गांगची तलवार मात्र मोडकी आहे. चिमटा मिटतो आणि त्यात काही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी तालमीत आम्ही सगळ्यांनी उजवे हात सदऱ्यात खुपसले आणि डाव्या हाताने काठ्या फिरवायला लागलो. वस्ताद रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी थोडा वेळ पाहिलं, सगळी हकीकत ऐकली आणि त्या चिमट्याबद्दलच चार प्रश्न विचारले. किती लांबीचा, कुठल्या हातात, पकडल्यावर पाय कुठे जातो. पुढचा आठवडाभर त्यांनी आम्हाला खरोखरच डाव्या हाताने खेळवलं. शस्त्राचं माप बदललं की अंतर बदलतं आणि अंतर बदललं की सगळी विद्या नव्याने मांडावी लागते, ही गोष्ट मला त्या वाहत्या लाल रंगाच्या कॅसेटने शिकवली. पुढे पट्टा हातात आला तेव्हा ती उपयोगी पडली. दांडपट्ट्याचा खोबळा, म्हणजे मुठीवरचं लोखंडी कवच, कोपरापर्यंत हात गिळतो, मनगट वळत नाही. वार खांद्यातून येतो, कमरेतून येतो, आणि नीट पाहिलं तर टाचेतून येतो.

या चित्रपटांवर सगळ्यात जास्त आक्षेप घेतात ते स्वतः काहीतरी शिकलेले लोकच. कॉलेजात माझे दोन मित्र कराटेत होते. ते म्हणायचे, हे सगळं खोटं आहे, एवढी उडी कोण मारतं, दहा जण वाट बघत एकेक करून का येतात. आक्षेप बरोबर आहेत. तरीही तेच मित्र प्रत्येक कॅसेट शेवटपर्यंत बघायचे आणि परत लावायचे. खोट्या लढाईत त्यांना असं काय खरं सापडत होतं, हा प्रश्न मला तेव्हापासून आहे.

त्याचं उत्तर मला आधी कानाने दिलं.

दिग्दर्शक किंग हूचा 'कम ड्रिंक विथ मी' १९६६ चा. मी तो पाहिला तेव्हा शॉ ब्रदर्सचा जुना साठा नव्याने साफ करून डिस्कवर येऊ लागला होता आणि पहिल्यांदाच मला त्या चित्रपटांचे खरे रंग दिसत होते. एका खाणावळीत गोल्डन स्वॅलो नावाची तलवारबाज पुरुषी वेषात एकटी बसलीय. राज्यपालाच्या पळवून नेलेल्या मुलाला, म्हणजे आपल्या भावाला, सोडवायला ती आलीय. भोवती सगळे दरोडेखोर, गिऱ्हाइकांच्या सोंगात. कुणी काही बोलत नाही. मग एकेक वस्तू तिच्या दिशेने यायला लागते, आणि ती बसल्या जागेवरून, फारसं न हलता, प्रत्येक वस्तू थोपवते. या सगळ्यात पार्श्वभूमीला काय वाजतं? लाकडावर लाकूड. टक्. मग शांतता. टक् टक्. मग एक छोटा ढोल, आणि वार झाला की झांज.

मी उठून उभा राहिलो. ही हलगी होती. म्हणजे वाद्य वेगळं, देश वेगळा, पण काम तेच. कोल्हापुरात मर्दानी खेळाचं प्रात्यक्षिक हलगी आणि कैताळाशिवाय होत नाही. वाजवणारा खेळणाऱ्याच्या पायाकडे बघतो, खेळणारा कानाने ताल धरतो. लिंबू काढणीच्या वेळी, म्हणजे आडव्या झोपलेल्या माणसावर ठेवलेलं लिंबू पट्ट्याने कापताना, हलगी आधी चढत जाते आणि मग एकदम थांबते. त्या थांबण्यात वार होतो. पट्टा कुणाला दिसत नाही. आधी अख्खं लिंबू दिसतं आणि मग दोन फोडी.

किंग हूचा जन्म १९३२ चा, बीजिंगचा. लहानपणापासून पेकिंग ऑपेरा, म्हणजे तिथलं पारंपरिक संगीतनाट्य, पाहत वाढलेला. १९४९ मध्ये हाँगकाँगला आला, आधी चित्रपटांची सजावट केली, मग अभिनय, मग दिग्दर्शन. आपल्याला युद्धकलेतलं काही येत नाही, आपल्या लढाया ऑपेराच्या रंगमंचावरून आल्या आहेत, असं तो उघड सांगायचा. त्याच्या लढाया बसवणारा हान यिंग-चिए हाही ऑपेरात घडलेला. (ब्रूस लीच्या 'द बिग बॉस'मधला तो शेवटचा खलनायक, तोच हा माणूस.) ऑपेरात नट एखादी लांब हालचाल करत येतो, आणि तालवाद्याच्या ठोक्यावर एकदम गोठतो. मान वळलेली, डोळे रोखलेले, एक पाय कधी उचललेला. चिनी भाषेत त्याला लिआंगशिआंग म्हणतात. प्रेक्षक दाद देतात ती त्या गोठण्याला. जो डगमगला त्याला पुन्हा पहिल्यापासून, हे तिथल्या शाळांतही असणारच, याबद्दल मला शंका नाही.

आणि संकलन. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम. किंग हू काही शॉट इतके आखूड कापतो की डोळ्याला वार दिसतच नाही. वाराची सुरुवात दिसते, आणि थेट परिणाम. मधला भाग आपण आपल्या अंगात पुरा करतो. माणसाला उडवायला तो लपवलेल्या स्प्रिंगच्या उसळपट्ट्या वापरायचा. उडी, मधला तुकडा गायब, आणि माणूस कौलांवर. माझे कराटेवाले मित्र ज्याला खोटं म्हणत होते, त्यात त्यांना खरं सापडत होतं ते हेच असावं. लढणाऱ्याला लढाई बाहेरून कधी दिसत नाही. तो आत असतो, आणि आतून ती अशीच असते. एक ठोका, मग काहीच नाही, मग झालेलं. अस्सल सामन्याचं चित्रीकरण कितीही स्वच्छ असलं तरी त्यात हा अनुभव येत नाही. तो यायला कुणीतरी काळ कापावा लागतो.

या परंपरेचा इतिहास मी थोडक्यातच सांगतो. १९२८ मध्ये शांघायच्या मिंगशिंग कंपनीने 'द बर्निंग ऑफ द रेड लोटस टेंपल' काढला आणि तीन वर्षांत त्याचे एकूण १८ भाग केले. अंधश्रद्धा आणि अराजक पसरवतात म्हणून १९३१ मध्ये सरकारने ते बंद केले. आज त्यातलं काही शिल्लक नाही. पुढे हे वेड हाँगकाँगला आलं. १९५४ मध्ये मकावमध्ये ताय ची आणि व्हाइट क्रेन या दोन घराण्यांच्या गुरूंचा जाहीर सामना झाला, त्याची इतकी चर्चा झाली की हाँगकाँगच्या एका वर्तमानपत्राने लिआंग यू-शेंगकडून लगेच क्रमशः कादंबरी लिहवून घेतली. पुढच्याच वर्षी त्याचा सहकारी जिन योंग लिहायला लागला, आणि मग दोन पिढ्यांनी वर्तमानपत्र उघडलं ते तलवारीची गोष्ट वाचायला. चित्रपट आले ते या वाचकांपुढे.

या प्रकाराला चिनीत म्हणतात वूशिआ. शिआ म्हणजे असा माणूस, जो दिलेला शब्द जिवावर बेतलं तरी पाळतो आणि दुबळ्याच्या बाजूने उभा राहतो, कायदा काय म्हणतो ते न विचारता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास सिमा चिएनने आपल्या इतिहासग्रंथात अशा माणसांवर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. त्याच्या आधी हान फेई या विचारवंताने त्यांना राज्याला लागलेली कीड म्हटलं होतं. दोघांचंही मला पटतं. आणि हे लोक राहतात त्या जगाला म्हणतात जिआंगहू, शब्दशः नद्या आणि सरोवरं. दरबाराच्या बाहेरचं, घाट-धक्क्यांचं, खाणावळींचं, फिरत्या लोकांचं जग. यासाठी मराठीत एक शब्द मी बरीच वर्षं शोधतोय. मिळालेला नाही.

शिआच्या आधीचं अक्षर वू. युद्ध, शौर्य, शस्त्रविद्या. इथे मला थोडं थांबायचंय, कारण हे अक्षर समजलं त्या दिवशी मला झोप लागली नाही.

या अक्षरात दोन भाग आहेत. एक आहे शस्त्राचा, लांब दांड्यावर आडवं पातं बसवलेलं जुनं शस्त्र. दुसऱ्याचा अर्थ आज 'थांबणे' असा होतो. म्हणून पारंपरिक व्याख्या अशी की शस्त्र थांबवणं म्हणजे वू. ही व्याख्या जुन्या इतिहासात चू राज्याच्या च्वांग राजाच्या तोंडी आहे. इसवी सनापूर्वी ५९७ मध्ये त्याने मोठी लढाई जिंकली. त्याच्या माणसाने सुचवलं की शत्रूची प्रेतं रचून त्यावर मातीचा ढीग करावा, म्हणजे पुढच्या पिढ्यांना विजय कळेल. राजा नाही म्हणाला आणि त्याने हे अक्षर फोडून दाखवलं. आता प्राचीन लिपीचे आजचे अभ्यासक म्हणतात की राजाची व्युत्पत्ती बरोबर नाही. 'थांबणे' असा अर्थ त्या खुणेला नंतर आला. मुळात ते चित्र आहे पावलाचं. शस्त्र आणि पाऊल, म्हणजे शस्त्र घेऊन निघालेला माणूस.

दोन अर्थ एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं पुस्तकं सांगतात. एक चालायला सांगतो, दुसरा थांबायला. मला ते विरुद्ध वाटतच नाहीत. लाल मातीत दोन महिने मी जे केलं ते या एका खुणेत होतं. पाय टाकायचा तो थांबता यावं म्हणून. ज्याला थांबता येत नाही त्याचा पाय पडलेलाच नसतो, तो नुसता पुढे कोसळत असतो.

किंग हूला हे ठाऊक होतं असं मी त्याचा 'अ टच ऑफ झेन' पाहून म्हणतो. हाँगकाँग सोडून तो तैवानला गेला, तिथे १९६७ मध्ये 'ड्रॅगन इन' काढला, तो तुफान चालला, आणि मग त्याने हा तीन तासांहून मोठा चित्रपट करायला घेतला. तैवानमध्ये तो १९७० आणि १९७१ मध्ये दोन भागांत लागला आणि पडला. १९७५ मध्ये कान महोत्सवात त्याला तांत्रिक उत्कृष्टतेचा पुरस्कार मिळाला. आता त्याची नवी, स्वच्छ प्रत निघालीय. तिचा खर्च त्यातली नायिका शू फेंग हिने उचलला, ही गोष्ट मला फार आवडते.

लोक त्यातल्या बांबूच्या बनाबद्दल बोलतात, आणि बोलावंच. दहा मिनिटांचा तो प्रसंग टिपायला २५ दिवस लागले म्हणतात. हिरवा उजेड उभ्या पट्ट्यांत खाली येतो आणि माणसं त्या पट्ट्यांमधून दिसतात न दिसतात. पण मी तुम्हाला दुसऱ्या प्रसंगाकडे नेणार आहे. नायक गू हा गावात चित्रं काढून, पत्रं लिहून देऊन पोट भरणारा. आई त्याच्या मागे लागलीय, परीक्षा दे, लग्न कर. त्याला तलवार धरता येत नाही. पहिली मोठी लढाई येईपर्यंत जवळजवळ तासभर जातो, आणि तोवर आपण गवत, कोळीष्टकं आणि पडका किल्ला बघत बसतो. गूच्या शेजारी राहायला आलेली यांग ही एका मारल्या गेलेल्या प्रामाणिक अधिकाऱ्याची मुलगी. राजदरबारातल्या खोज्याचे मारेकरी तिच्या मागावर आहेत. गूला युद्धशास्त्राची पुस्तकं पाठ आहेत. तो डाव रचतो. पडक्या किल्ल्यात भुतं आहेत अशी आवई उठवायची, रात्री शत्रूला आत ओढायचं, बाहुल्या, दोऱ्या, घंटा लावून घाबरवायचं आणि कापायचं.

डाव साधतो. सकाळ होते. गू किल्ल्यात येतो आणि आपली एकेक युक्ती बघत हसत सुटतो. ही दोरी, हा पुतळा, ही घंटा. एखाद्या हुशार पोराचं हसू असतं तसं, मोठ्याने, एकट्याने. हसत हसत तो पुढे चालत राहतो. आणि मग त्याचा पाय थांबतो. समोर प्रेतं आहेत. एक नाही, सगळीकडे. हसू आधी चेहऱ्यावर तसंच राहतं, मग जातं.

या प्रसंगात तलवार नाही. पण तलवारपट मला जे देऊ शकतो ते सगळं इथे आहे. च्वांग राजाला मैदानावर जे दिसलं, ते या चित्रकाराला दिसतं, आणि तेही जिंकल्यावर. लढाईचा आनंद चित्रपटाने आदल्या रात्री आपल्याला पुरेपूर दिलेला असतो, त्यात काही हात आखडता घेतलेला नसतो. म्हणूनच सकाळ एवढी लागते. फांग गांगचंही तेच. गुरूचं घराणं वाचवतो, आणि मग पुन्हा त्या घरात जात नाही. होडीतल्या त्या मुलीबरोबर शेती करायला निघून जातो. लहानपणी हा शेवट मला अपुरा वाटला होता.

'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' मी २००१ च्या सुमारास पुण्यात पाहिला. जगभर या चित्रपटांची दारं त्याने उघडली, चार ऑस्कर मिळवले, आणि त्यातलं बांबूच्या शेंड्यांवरचं तरंगणं हा किंग हूला केलेला नमस्कार आहे. सुंदर आहे. पण तारांवर तरंगणाऱ्या माणसाला जमीन लागत नाही, आणि मला जमीन हवी असते. उसळपट्टीवरच्या उडीत माणसाने दिलेला रेटा दिसतो, वजन दिसतं, खाली आल्यावर गुडघा वाकलेला दिसतो. त्या चित्रपटातला माझा प्रसंग वेगळाच. अंगणात मिशेल योह एकामागून एक शस्त्र उचलते, जोडतलवारी, भाला, आकड्याच्या तलवारी, आणि एक लोखंडी दांडा तर इतका जड की तो तिला पेलतच नाही. समोरची पोरगी एकाच अप्रतिम तलवारीने सगळी तोडत जाते. प्रत्येक शस्त्राबरोबर मिशेल योहचे पाय बदलतात. ते बघायला मी तो प्रसंग कितीदा लावला असेल, मोजलेलं नाही.

त्याच चित्रपटात जेड फॉक्स नावाची म्हातारी खलनायिका आहे. ती भूमिका केली चेंग पेइ-पेइने. म्हणजे ३४ वर्षांपूर्वीची आमची गोल्डन स्वॅलो. २०२४ च्या जुलैत ती गेली तेव्हा मी रात्री तिचा तो जुना चित्रपट पुन्हा लावला आणि एका दुपारची आठवण झाली.

वस्ताद तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. तालमीत येणं बंद झालेलं, घरी खाटेवर बसून असायचे. मी कोल्हापूरला गेलो की तासभर त्यांच्याजवळ बसायचो. एकदा टॅब्लेट सोबत होता, तर म्हटलं, वस्ताद, एक लढाई दाखवतो. देवळाच्या अंगणातला प्रसंग लावला. गोल्डन स्वॅलो आता बाईच्या वेषात, दोन्ही हातांत आखूड तलवारी, आणि चहूबाजूंनी दरोडेखोर. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून आवाज पूर्ण वाढवला. लाकडावर लाकूड वाजायला लागलं.

वस्तादांनी चष्मा सारखा केला. तिच्या हातांकडे ते बघतच नव्हते. नजर पडद्याच्या खालच्या कडेला.

"हिला कुणी शिकिवलंय?" त्यांनी विचारलं.

"वस्ताद, ती नाचातली. लढाईतलं काही शिकलेली नव्हती. लहानपणापासून बॅले करायची."

"तरीच. टाच बघ की तिची." ते पुढे वाकले. "टाच वर हाय, पर तोल ढळत न्हाई. ह्यो कुठला पवित्रा न्हवं, आपल्यात न्हाई असला. पर पाय हाय."

तलवारी फिरल्या, दोघं पडले, ती अर्धी गिरकी घेऊन वळली. आणि वस्तादांनी टाळी वाजवली. कोरडी, एकच, तालमीत वाजवायचे तशी. माझं बोट आपोआप पडद्यावर गेलं आणि चित्र थांबलं. एक पाय पुढे, एक टाच उचललेली, मान वळलेली. वस्ताद बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे असंच जरा."